पायांचे फोड दिसले, मागणी कुठे गेली?

आडवाट (धागाकर्ती)

"मीडिया विकला गेलाय" असं कुणी म्हटलं की आपल्याकडची चर्चा तिथेच आटोपते. विकलाच गेला असेल तर पुढे बोलायचं काय? म्हणून सगळ्यांना आठवत असलेली एक जुनी घटना घेते: मार्च २०१८चा नाशिक ते मुंबई किसान लाँग मार्च. ६ मार्चला नाशिकहून निघाला, साधारण १८० किलोमीटर चालून १२ तारखेच्या पहाटे आझाद मैदानात पोचला. आयोजक अखिल भारतीय किसान सभा, म्हणजे माकपची शेतकरी संघटना. बहुतेक माणसं सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या पट्ट्यातली आदिवासी.

आता बातम्या आठवा. पहिले चार-पाच दिवस, म्हणजे घोटी, कसारा घाट, शहापूर मागे पडेपर्यंत, राष्ट्रीय वाहिन्यांवर जवळपास काहीच नव्हतं. ठाणे ओलांडल्यावर पहिली बातमी आली ती रस्त्यांची: पूर्व द्रुतगती मार्गावर कोंडी होणार का, कुठून वळवलंय, ऑफिसला कसं जायचं. मराठी वाहिन्यांनी 'लाल वादळ' हा शब्द उचलला आणि ड्रोनमधून दिसणारा लाल टोप्यांचा पट्टा दिवसभर फिरवला. सत्ताधारी पक्षाच्या एका खासदारांनी शहरी माओवादाचा उल्लेख केला, मग काही तास चर्चा त्यावर. आणि ११ तारखेच्या रात्री, दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून सोमय्या मैदानावरून माणसं झोप न घेता पुढे निघाली, तेव्हा सगळं पालटलं. फुटलेल्या टाचा, सोललेले तळवे, कुणाच्या पायात चप्पलच नाही. ते फोटो देशभर गेले. मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर आले.

म्हणजे कोंडी, वादळ, माओवाद आणि फोड. चौकट म्हणजे बातमी कुठल्या बाजूने दाखवली ती. दोन विरोधातल्या चौकटी, एक तटस्थ दिसणारी, एक सहानुभूतीची. पण त्यातल्या कुठल्या चौकटीत वनहक्क कायदा होता? २००६चा कायदा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसतोय त्याला त्या जमिनीचा हक्क, कमाल ४ हेक्टर. माणसं भांडत होती ती दावे वर्षानुवर्षं पडून आहेत, फेटाळले जातात, किंवा कसतोय तेवढी जमीन न मिळता तुकडा हातावर ठेवला जातो म्हणून. कर्जमाफी, हमीभाव, नार-पार आणि दमणगंगेचं पाणी गुजरातला देऊ नका, या मागण्याही होत्या. पण पायात बळ आलं होतं ते जमिनीच्या प्रश्नातून.

मला म्हणायचंय ते असं: विरोधातली बातमी मागणी खाते हे आपल्याला लगेच कळतं. सहानुभूतीची बातमीही तितकीच खाते, फक्त डोळे पुसत पुसत. फोड बघून रडणाऱ्याला फॉरेस्टचा दावा म्हणजे काय हे कळायची गरज उरत नाही.

पटतंय का? नसेल तर का, तेही लिहा.

चिमटा

लेख आवडला, निष्कर्ष भाबडा वाटला. चौकट-बिकट ठीक आहे, पण वाहिनीचा मालक कोण, जाहिराती कुणाच्या, आणि मालकाच्या बाकीच्या धंद्यांना परवाने कोण देतं हे बघितलं की नव्वद टक्के चौकट कळते. उरलेल्या दहा टक्क्यांत तुमचं ड्रोन आणि टाचा.

आडवाट

मालकी आहेच, नाकारत नाही. पण मालकीने त्या रात्रीचा यू-टर्न कळत नाही. रविवारी 'कोंडी' म्हणणारी तीच वाहिनी, तोच मालक, सोमवारी 'अन्नदाता' म्हणत होती. चोवीस तासांत कुणाचं शेअरहोल्डिंग बदललं नव्हतं.

रात्रपाळी

मी बरीच वर्षं एका दैनिकात डेस्कवर काढली आहेत (नाव विचारू नका), म्हणून आतली बाजू लिहितो. मालकाचा फोन येतो, पण रोज येत नाही. रोज येतो तो घड्याळाचा काटा.

मोर्चा ही बातमी कुणाच्या बीटमध्ये (वार्ताहराला नेमून दिलेल्या विषयात) येते, तिथून सगळं सुरू होतं. शेतीला पूर्ण वेळ वार्ताहर असलेले पेपर आता किती उरलेत ते मोजून बघा. त्यामुळे शहरात मोर्चा शिरला की तो जातो क्राइमवाल्याकडे किंवा महापालिका बघणाऱ्याकडे. क्राइमवाल्याचे संबंध पोलिसांशी, तो विचारणार बंदोबस्त किती, रस्ते कुठले बंद. त्याला 'उपविभागीय समितीने दावा का फेटाळला' हा प्रश्न सुचायचा कसा? सुचला तरी रात्री साडेदहाला उत्तर द्यायला कोण बसलंय? पोलीस नियंत्रण कक्ष मात्र फोन उचलतो. आणि जो फोन उचलतो त्याचं म्हणणं पहिल्या परिच्छेदात जातं. दुसरी बाजू, मिळाली तर, सातव्यात. जागा कमी पडली की कात्री खालून लागते.

'सौम्य लाठीमार' हा शब्दप्रयोग असाच आला. ती पोलिसांच्या प्रेसनोटची भाषा आहे. ज्याच्या पाठीवर वळ उठले त्याला कुणी विचारलं नाही की बाबा, सौम्य होता का. पण तो शब्द डेस्कवर इतका मुरलाय की आंदोलकांच्या बाजूचा उपसंपादकसुद्धा सवयीने तोच टाकतो.

आणखी एक, जे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही: आवृत्त्या. नाशिक आवृत्तीत जी बातमी पहिल्या पानाची असते ती मुंबई आवृत्तीत आतल्या पानावर एका कॉलमात असते, किंवा नसतेच. मोर्चा कसारा उतरतो तेव्हा तो बातमीच्या भूगोलातही सरकतो. 'पाच दिवस मीडिया झोपला होता' हे मुंबईत बसून म्हणता येतं. जिल्ह्याच्या पानांवर रोज येत होतं, आणि तिथे मागण्याही येत होत्या, कारण तिथल्या वार्ताहराच्या गावातच ते दावे पडून आहेत.

गावगोष्टी

+१. वाचनखूण साठवली.

पिंपळपान

आडवाट ताई, आमच्याकडची माणसं त्या मोर्च्यात होती, मी नव्हतो. लिहिताय ते बरोबर आहे, पण एक राहिलं. दाव्याचं प्रकरण टीव्हीवर सांगायला खरंच अवघड आहे. ग्रामसभेने वनहक्क समिती नेमायची, समितीने दावा तपासायचा, मग तो उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे. पुरावा काय, तर जुन्या दंडाच्या पावत्या, म्हातार्‍या माणसाचा जबाब, बांध, झाड, विहीर. मग जीपीएस मोजणी. कसतो तीन एकर, कागदावर येतात वीस गुंठे. हे सगळं अर्ध्या मिनिटात सांगा बघू. घोषणाच द्यावी लागते, आणि घोषणा सगळ्या मोर्च्यांच्या सारख्याच ऐकू येतात.

दुसरं. २०२३ला परत मोर्चा निघाला, दिंडोरीहून. तो वाशिंदला थांबला, सरकारशी बोलणी झाली म्हणून. आमचा एक नातेवाईक होता त्यात. सांगत होता, एक कॅमेरावाला आला आणि म्हणाला, "काका, चप्पल काढा जरा, पाय दाखवा." काका म्हणाले, "पाय धड हायेत रं, सातबारा दाखवू का?" तो पुढच्या माणसाकडे गेला.

चिमटा

पिंपळपान, हा किस्सा एकटा माझ्या सगळ्या प्रतिसादाला भारी आहे. नमस्कार स्वीकारा.

तरी मालकीचा मुद्दा सोडत नाही.

कुर्ला_टर्मिनस

सगळ्यांना एक विचारू? रोज लोकलने दीड तास जाणार्‍या माणसाने रस्ता बंद आहे का हे विचारायचंच नाही का? 'कोंडीची चौकट' म्हणून तुम्ही त्याला खलनायक करताय. माझी आई त्या आठवड्यात डायलिसिसला जात होती. मला मागण्यांच्या आधी रस्ता कळायला हवा होता, आणि तो मला पेपराने सांगितला. यात कसलं राजकारण?

आडवाट

काही नाही, आणि तुमचा राग रास्त आहे. रस्त्याची माहिती हवीच. घोटाळा होतो तो ती माहिती मथळा झाली की. 'उद्या सायन-पनवेल मार्गाने जा' ही सूचना झाली. 'मोर्च्यामुळे मुंबईकर वेठीस' म्हटलं की निवाडा झाला: मुंबईकर एकीकडे, मोर्चा दुसरीकडे, आणि मोर्च्यातला माणूस आपोआप बाहेरचा. खरं तर चालणारे आणि अडकलेले दोघेही एकाच प्रशासनाचे तक्रारदार असू शकतात, पण ते वाक्य मथळ्यात बसत नाही.

आणि गंमत बघा, त्या रात्री चालण्याचा निर्णय मोर्चेकर्‍यांनी नेमका तुमच्यासारख्यांचा विचार करून घेतला. त्या एका निर्णयाने बातमी फिरली.

कुर्ला_टर्मिनस

ते मान्य. मी स्वतः सायनला पाणी वाटायला गेलो होतो. तेवढ्यासाठी मी माझा मुद्दा मागे घेत नाही.

तळटीप

या रात्रीच्या चालण्याबद्दलच मला थोडं वेगळं म्हणायचंय. ते मोठेपणाचं होतंच. पण माध्यमांनी त्याचं जे कौतुक केलं त्यातून एक पट्टी तयार झाली: चांगलं आंदोलन कुणालाही त्रास देत नाही. मराठा क्रांती मूक मोर्च्यांच्या वेळी हेच झालं. २०१६च्या ऑगस्टमध्ये औरंगाबादला पहिला निघाला, ९ ऑगस्ट २०१७ला मुंबईत आला. जिथे तिथे बातमी काय? शिस्त. घोषणा नाहीत, मागे कचरा नाही, रुग्णवाहिकेला वाट करून दिली, मुलींनी निवेदन दिलं. सगळं खरं आणि कौतुकास्पद. पण आरक्षणाचा कायदेशीर पेच काय, शेतीची दैना त्याच्या मुळाशी किती, आणि ॲट्रॉसिटी कायद्याबद्दलच्या मागणीने दलित वस्त्यांमध्ये काय वाटत होतं, यावर त्या मानाने किती मिनिटं गेली?

मग २०१८च्या जुलैत आंदोलन पेटलं तेव्हा त्याच माध्यमांनी आधीच्या मूक मोर्च्यांचे फोटो शेजारी लावून विचारलं, "कुठे गेली ती शिस्त?" एकदा शिस्तीचं प्रमाणपत्र घेतलं की ते दर वेळी नवं करून घ्यावं लागतं. आणि शिस्तीत चाललेल्याला जे मिळालं नाही ते का मिळालं नाही, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

ऑगस्ट २०२५मध्ये आझाद मैदानात मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे यांचं उपोषण झालं तेव्हा दोन्ही पट्ट्या एकाच वेळी चालू होत्या. परवानगी ५,००० लोकांची, आले कितीतरी जास्त. एका वाहिनीवर सीएसएमटीच्या फलाटावर स्वयंपाक करणारी माणसं आणि 'मुंबई ठप्प'. दुसरीवर तेच फलाट, तीच माणसं, आणि मथळा 'जेवायची सोय नाही, तरी मागे हटणार नाही'. फुटेज अदलाबदल केलं असतं तर कुणाला कळलं नसतं. मराठ्यांना कुणबी म्हणून आरक्षण देण्यासाठी ज्याचा आधार मागितला जात होता त्या निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटियरमध्ये नेमकं आहे काय, हे मला शेवटी एका यूट्यूबवाल्या वकिलाने सांगितलं.

कोरा_कागद

विषय दिल्लीला नेतो, कारण तिथे दोन्ही बाजूंच्या चौकटी उघड्या पडल्या. २६ जानेवारी २०२१, कृषी कायद्यांविरुद्ध आंदोलन करणार्‍या शेतकर्‍यांची ट्रॅक्टर परेड. त्या एका दुपारी दोन चुकीच्या बातम्या पसरल्या.

पहिली: लाल किल्ल्यावरचा तिरंगा उतरवून खलिस्तानी झेंडा लावला. तिरंगा जागेवर होता. आंदोलकांतल्या काहींनी वेगळ्या, रिकाम्या खांबावर निशान साहिब चढवला. तो कृत्य म्हणून योग्य की अयोग्य यावर भांडा, पण तो शिखांचा धार्मिक झेंडा आहे, आणि तिरंगा उतरला नव्हता.

दुसरी: आयटीओजवळ एक शेतकरी पोलिसांच्या गोळीने मेला. पोलिसांनी नंतर सीसीटीव्ही चित्रण दिलं, त्यात ट्रॅक्टर बॅरिकेडला धडकून उलटताना दिसतो. घरच्यांना पोलिसांचं म्हणणं पटलं नाही, ते वेगळं. पण गोळीची बातमी ज्या ज्येष्ठ पत्रकारांनी ट्विटरवर टाकली त्यांनी पडताळली नव्हती.

पहिली चूक कुणी केली? ज्यांना दोन महिन्यांपासून आंदोलन देशद्रोही वाटत होतं त्यांनी. दुसरी? ज्यांना सरकार क्रूर वाटत होतं त्यांनी. आपल्या चौकटीत चपखल बसणारी बातमी आली की माणूस तपासत नाही. दोन्हीकडे.

चिमटा

दोन्हीकडे! हे 'दोन्हीकडे' ऐकलं की माझं रक्त तापतं.

कोरा_कागद, चूक दोन्हीकडे झाली, परिणाम बघा ना. गोळीचं ट्विट करणार्‍या पत्रकारांवर अनेक राज्यांत गुन्हे दाखल झाले, सोबत एका खासदारावरही. ९ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने अटकेला स्थगिती दिली म्हणून ते वाचले. त्यांतल्या एकाला त्याच्याच वाहिनीने दोन आठवडे पडद्यावरून काढलं आणि पगार कापला. आणि तिरंगावाली बातमी? वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेने, जिचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती ए. के. सिक्री होते, एका हिंदी वाहिनीला खलिस्तानशी संबंध जोडणारे आणि तिरंगा उतरवल्याचं सांगणारे व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. तेही बर्‍याच महिन्यांनी. तोवर ते कोट्यवधी घरांत मुरले होते. याला समतोल म्हणायचं?

कोरा_कागद

नाही म्हणायचं. शिक्षेतला फरक मान्य, तो गंभीर आहे. पण मी शिक्षेबद्दल बोलतच नव्हतो, चूक जन्माला कशी येते त्याबद्दल बोलत होतो. जन्म सारखा, बारसं वेगळं.

चिमटा

बरं. हे चालेल.

आडवाट

चिमटा इतक्या लवकर मान्य करतात हे या फळ्यावर पहिल्यांदा बघतेय.

कोरा_कागद यांच्या मुद्द्याला जोडून एक जुना अभ्यास. २७ ऑक्टोबर १९६८ला लंडनमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोठी निदर्शनं झाली. हॅलोरन, एलियट आणि मर्डॉक या तिघांनी त्याच्या बातम्यांचा अभ्यास केला, तो १९७०मध्ये प्रसिद्ध झाला. कित्येक दिवस आधीपासून पेपर सांगत होते की हिंसा होणार. प्रत्यक्षात प्रचंड मोठा मोर्चा शांततेत पार पडला, एक छोटा गट फुटून ग्रोव्हनर स्क्वेअरकडे गेला आणि तिथे पोलिसांशी झटापट झाली. दुसर्‍या दिवशी बातमी कशाची? त्या झटापटीची. आणि जिथे ती फारशी झाली नाही असं लिहिलं, तिथेही बातमीचा विषय 'हिंसा झाली नाही' हाच! युद्धाबद्दल लोकांना काय म्हणायचं होतं ते दोन्हीकडे बाहेरच.

म्हणजे चौकट मोर्च्याच्या आधी तयार असते. मोर्चा फक्त तिच्यात येऊन उभा राहतो. दिल्लीच्या सीमेवर सिंघूला आंदोलक शेतकरी नोव्हेंबर २०२०च्या अखेरीस पोचले, आणि पहिल्याच आठवड्यात काही वाहिन्यांवर 'खलिस्तान' सुरू झालं होतं. २६ जानेवारीला त्यांना हवा तो फोटो मिळाला, एवढंच.

मोजपट्टी

आकड्यांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी. लाँग मार्चचे आकडे ३० हजारांपासून ५० हजारांपर्यंत फिरत होते. तुम्ही कुठला आकडा छापता यावरूनही तुमची बाजू कळते.

गर्दी मोजायची सोपी पद्धत आहे. १९६०च्या दशकात बर्कली विद्यापीठात पत्रकारिता शिकवणारे हर्बर्ट जेकब्स खिडकीतून खाली चौकातली निदर्शनं बघायचे. फरशीवर चौकोन आखलेले होते. त्यांनी काही चौकोनांतली माणसं मोजली आणि गुणाकार केला. विरळ गर्दीत माणशी साधारण १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार. मैदानाचं क्षेत्रफळ माहीत असेल तर 'दहा लाखांचा महासागर' किती खरा हे कागदावर पाच मिनिटांत कळतं. पण चालत्या मोर्च्याला हे लागू होत नाही, कारण माणसं येत-जात असतात.

हाँगकाँगचं उदाहरण बोलकं आहे. १६ जून २०१९, आयोजक म्हणाले जवळपास २० लाख, पोलीस म्हणाले ३ लाख ३८ हजार. आपल्याला वाटतं कुणीतरी धडधडीत खोटं बोलतंय. पण पोलिसांचा आकडा होता मूळ ठरलेल्या मार्गावर, गर्दी सर्वांत जास्त असतानाच्या एका क्षणाचा. आयोजकांचा होता दिवसभरात जे जे आले त्या सगळ्यांचा. प्रश्नच दोन वेगळे. बहुतेक बातम्यांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवले आणि समतोल साधला म्हणून समाधान मानलं. मोजलं काय, हे सांगितलं असतं तर वाचकाच्या हाती काही लागलं असतं.

दादरकर_आबा

मुलांनो, चर्चा छान चालली आहे. थोडं जुनं सांगतो. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी मी शाळकरी होतो. २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. त्यानंतर वर्षभराने, १५ नोव्हेंबर १९५६ला, अत्र्यांचा दैनिक 'मराठा' सुरू झाला. आमच्या चाळीत तो मोठ्याने वाचला जायचा. तो पक्षपाती होता का? शंभर टक्के. शिव्याशाप, विडंबन, सगळं उघड. पण तो चळवळीचा पेपर आहे हे वाचणार्‍याला ठाऊक असायचं. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ मुद्दाम दुसरा पेपरही घ्यायचे आणि जिन्यात वाद घालायचे.

आजच्या वाहिन्यांबद्दल माझी तक्रार पक्षपाताची नाही. पक्षपात करून वर तटस्थतेचा टिळा लावतात, ही आहे. दिल्लीच्या सीमेवर शेतकर्‍यांनी स्वतःचं वार्तापत्र काढलं होतं असं नातवाने सांगितलं, ते मला अत्र्यांच्या वंशातलं वाटलं.

कोरा_कागद

आबा, ते 'ट्रॉली टाइम्स'. डिसेंबर २०२०मध्ये सुरू झालं, पंजाबी आणि हिंदीत. वाहिन्यांच्या कॅमेर्‍यांना तिथे लोक अडवायला लागले होते, त्याच सुमाराला.

रात्रपाळी

आबांशी निम्मा सहमत. चळवळीचं पत्र मागणी नीट मांडतं, पण चळवळीच्या आतली भांडणं कधीच छापत नाही. कुठली संघटना २६ जानेवारीच्या मार्गावरून फुटली, कोण कुणावर रागावलं, हे त्यात शोधून सापडणार नाही. त्यासाठी बाहेरचाच वार्ताहर लागतो. चांगला.

चिमटा

आणि तो चांगला बाहेरचा वार्ताहर नोकरीवर ठेवतो कोण? मालक! आलो ना फिरून?

तळटीप

हा माणूस ऐकायचा नाही.

पिंपळपान

एक गोष्ट सांगायची राहिली, आडवाट ताईंच्या मूळ प्रश्नाशी जोडलेली. मोर्च्यानंतर तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की मोर्च्यातले ९० ते ९५ टक्के लोक गरीब आदिवासी आहेत, वनजमिनीसाठी लढताहेत, त्यांच्या नावावर जमीन नाही. माहिती म्हणून चूक नाही. पण शहरात त्याचा अर्थ असा घेतला गेला की "म्हणजे हे शेतकरी नव्हतेच!" माझ्या ओळखीच्यांनी मला तसे फॉरवर्ड पाठवले. आता सांगा, जमीन कसणारा, पण कागद नसलेला माणूस शेतकरी नाही तर कोण? तोच तर भांडणाचा विषय होता. तो आठवडाभर कुणी सांगितला नव्हता म्हणूनच हे फॉरवर्ड खपलं. सहानुभूतीवाल्यांनी 'अन्नदाता' म्हणून फोटो विकले, मग दुसर्‍यांनी 'अन्नदाता कुठला, हे तर भूमिहीन' म्हणून खोडून काढलं.

सरकारने सहा महिन्यांत दावे निकाली काढायचं लेखी आश्वासन दिलं होतं. २०१९ला परत चालावं लागलं, २०२३ला परत. आता तर 'पुन्हा मोर्चा' एवढीच बातमी येते.

आडवाट

हे मला मूळ लेखात हवं होतं. संपादनाची सोय असती तर तुमचा परिच्छेद उचलून वर नेला असता. मी 'मागणी खाल्ली' एवढंच म्हणत होते. खाल्लेल्या मागणीची जागा पुढे दुसरं कुणी भरतं, हे तुम्ही दाखवलंत.

मी सध्या काय करते ते सांगते, नियम म्हणून नाही. मोर्च्याची बातमी वाचताना तिसर्‍या परिच्छेदापर्यंत मागणी आली का बघते. पहिला उद्धृत केलेला माणूस गणवेशातला आहे की चालणारा, ते बघते. आणि कॅमेरा कुठे उभा आहे: पोलिसांच्या मागे उभा असेल तर जमाव अंगावर येताना दिसतो, मोर्च्याच्या आत असेल तर लाठी अंगावर येताना दिसते. ड्रोन असेल तर कुणाचाच चेहरा दिसत नाही, नुसता रंग.

कुर्ला_टर्मिनस

मग करून बघूया ना. पुढचा मोठा मोर्चा निघेल तेव्हा इथेच धागा काढू. मी दोन मुंबई आवृत्त्या घेतो, मला तसेही लागतात.

पिंपळपान

जिल्हा आवृत्त्या माझ्याकडे. पेपर दुपारी येतो आमच्याकडे, उशीर चालवून घ्या.

मोजपट्टी

आकडे आणि मैदानाचं क्षेत्रफळ मी.

रात्रपाळी

पोलिसांची प्रेसनोट मी मिळवतो. ती कुठल्या बातमीत किती जशीच्या तशी उतरली ते शेजारी ठेवून लावू.

चिमटा

मालक आणि जाहिरातदारांची यादी मी करणार हे सांगायला नको.

दादरकर_आबा

मला चष्म्याने टीव्ही दिसतो. मी रात्री नऊची चर्चा बघेन. पण एकच वाहिनी, दोन झेपणार नाहीत.